मुद्रा, क्ष-किरण आणि स्वामी कुवलयानंद

ध्यान म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. पाठीचा कणा ताठ, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला टेकलेले आणि उरलेली तीन बोटे सरळ. हीच ज्ञानमुद्रा. योगवर्गाच्या पाटीवर, जून महिन्यातल्या योगदिनाच्या फलकावर, अगदी औषधांच्या जाहिरातीतही ती दिसते. तिच्या जोडीला आता रंगीत तक्तेही घरोघर पोचले आहेत. पाच बोटे म्हणजे पंचमहाभूते, अमुक बोट वाकवले की सांधेदुखी बरी, तमुक जुळवले की मधुमेह आटोक्यात, असे त्यांत छापलेले असते.

हठयोगाचा जुना ग्रंथ उघडला तर मात्र वाचक थबकतो. स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’ साधारण पंधराव्या शतकातली. तिच्यात दहा मुद्रा सांगितल्या आहेत: महामुद्रा, महाबंध, महावेध, खेचरी, उड्डियान, मूलबंध, जालंधरबंध, विपरीतकरणी, वज्रोली आणि शक्तिचालन. यांतली एकही बोटांची नाही. कोणी पोट आत ओढतो, कोणी हनुवटी छातीच्या खोबणीत टेकवतो, कोणी जीभ मागे वळवतो, कोणी पाय वर आणि डोके खाली करतो. नंतरच्या ‘घेरंडसंहिते’त मुद्रांची संख्या २५ होते. तिथेही हात आले तर ते कान, डोळे, नाक मिटण्यासारख्या कामांसाठी येतात.

मग बोटांच्या मुद्रा आल्या कुठून? त्यांचे माहेर वेगळे आहे. देवपूजेत आणि तंत्रातल्या न्यासविधीत हातांच्या मुद्रा आहेत. संध्येत गायत्रीजपाआधी करायच्या २४ मुद्रा सांगितल्या जातात. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धाचे हात पाहिले की तो उपदेश करतो आहे, ध्यानात आहे की अभय देतो आहे, हे कळते. हातांची ही भाषा अर्थ सांगणारी आहे. हठयोगातली मुद्रा मात्र शरीराच्या आत काहीतरी घडवू पाहते. दोन्हींना नाव एकच मिळाले आणि काळाच्या ओघात त्यांची सरमिसळ झाली.

आत काहीतरी घडते, असे ग्रंथ सांगतात. पण नेमके काय घडते? हा प्रश्न यंत्रासमोर मांडण्याचे धाडस शंभर वर्षांपूर्वी एका मराठी शिक्षकाने केले. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते.

तालमीतला संस्कृत विद्यार्थी

गुण्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत, बडोद्याजवळच्या डभोईला झाला. घरची स्थिती बेताची होती. शिकण्यासाठी बरीच ओढाताण करावी लागली. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढचे शिक्षण बडोद्याला झाले. अरविंद घोष तेव्हा तिथल्या महाविद्यालयात शिकवत होते आणि देशभर टिळकांच्या विचारांचे वारे वाहत होते. त्या वातावरणात या तरुणाने आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करायची असे ठरवले आणि ते अखेरपर्यंत पाळले.

याच बडोद्यात जुम्मादादा व्यायामशाळा होती. तिथे राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुण्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. या वर्षांचा परिणाम पुढच्या सगळ्या कामावर दिसतो. शरीर म्हणजे त्यांना केवळ अध्यात्मातली अडचण वाटली नाही. ते घडवण्याची, तपासण्याची आणि शिस्तीने शिकवण्याची गोष्ट आहे, हे तालमीने त्यांच्या मनावर बिंबवले.

नंतर ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले. पुढे साने गुरुजींच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले हेच अमळनेर. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद गुण्यांकडे आले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीवर सरकारची वक्रदृष्टी होतीच. १९२० मध्ये ते महाविद्यालय बंद पडले. गावोगावी हिंडताना अंधश्रद्धा आणि निरक्षरता किती खोल रुजली आहे, हे त्यांनी पाहिले होते. लोकांना नुसते सांगून भागणार नाही, पटवून द्यावे लागेल, ही जाणीव तिथली.

मालसरचे गुरू

१९१९ मध्ये गुण्यांची गाठ परमहंस माधवदासजींशी पडली. हे मूळचे बंगालचे योगी उतारवयात नर्मदेच्या काठी मालसर इथे राहत होते. मुंबईतल्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्री योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. माधवदासजींनी गुण्यांना आसने, प्राणायाम, बंध, मुद्रा आणि शुद्धिक्रिया शिकवल्या. गुरूंचा सहवास फार वर्षांचा नव्हता, पण तेवढ्यात गुण्यांची दिशा बदलली.

शिष्याला आलेला अनुभव दोन प्रकारे जपता येतो. एक, जसा मिळाला तसा पुढच्या शिष्याच्या कानात सांगणे. दुसरा, तो सगळ्यांसमोर मांडून तपासायला देणे. दुसऱ्या वाटेत धोका होता. तपासणीत गुरूंनी सांगितलेले खरे ठरले नाही, तर काय? गुणे श्रद्धावान होते, ईश्वरावर आणि गुरूंवर त्यांची निष्ठा होती. तरीही त्यांनी दुसरी वाट धरली. खरी गोष्ट तपासल्याने खोटी होत नाही, या भरवशावर ते चालले.

१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी पहिले प्रयोग केले. त्यासाठी त्यांनी निवडली दहा मुद्रांपैकी एक, उड्डियान, आणि तिच्यावरच उभी असलेली नौली ही क्रिया. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून तो बाहेरच रोखतात. मग श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवतात, पण हवा आत येऊ देत नाहीत. छातीतली जागा वाढते, पोट आणि छाती यांच्यामधला श्वासपटल नावाचा स्नायू वर ओढला जातो आणि पोट पाठीला लागल्यासारखे खोल जाते. नौलीत या खोल गेलेल्या पोटातले मधले दोन उभे स्नायू तेवढे आवळून पुढे काढतात आणि बाजूचे सैल ठेवतात. क्रिया चालू असताना अभ्यासकाच्या पोटाची क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. योग्याच्या पोटात काय हालते, हे फोटोच्या काचेवर उमटले.

पोकळीला गुरूंचे नाव

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ सुरू झाले. गुणे आता स्वामी कुवलयानंद झाले होते. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. त्याची मांडणीच बोलकी होती. प्रयोगांची माहिती देणारा शास्त्रीय विभाग वेगळा, त्या आधारे केलेल्या चर्चेचा अर्धशास्त्रीय विभाग वेगळा आणि सामान्य वाचकाला आसने शिकवणारा लोकप्रिय विभाग वेगळा. मोजलेले काय, तर्काने सुचलेले काय आणि परंपरेने आलेले काय, यांची गल्लत होऊ नये म्हणून घातलेली ही कुंपणे होती.

सुरुवातीच्या अंकांत एक प्रयोग गाजला. हठयोगात बस्ती नावाची शुद्धिक्रिया आहे. साधक पाण्यात बसतो आणि गुदमार्गातल्या नळीतून पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते. पिचकारी नाही, पंप नाही, मग पाणी वर चढते कसे? अपानवायूवर मिळवलेल्या ताब्याची ती खूण मानली जाई. कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली आणि साधकाला नौली करायला सांगितले. पारा सरकला. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली गेला होता. आत अंशतः पोकळी निर्माण झाली होती आणि बाहेरचा दाब पाण्याला आत ढकलत होता. शाळेत शिकवली जाणारी विहिरीच्या पंपाची गोष्ट ती हीच.

या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले, ‘माधवदास पोकळी’. ज्या क्रियेभोवतीचे गूढ त्यांनी दूर केले, तिच्यावरच गुरूंचे नाव कोरले. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत विरोध नव्हता. कारण सापडल्याने क्रियेची किंमत कमी झाली नाही. उलट ती नेमकी कशी करायची आणि कुठे चुकते, हे शिकवणे सोपे झाले.

दुसऱ्या काही बाबतींत यंत्राने परंपरेच्या नव्हे, पण परंपरेच्या हौशी वकिलांच्या विरुद्ध कौल दिला. प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन शरीरात जातो, असे तेव्हा सर्रास सांगत आणि आजही सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू तपासले. संथ, दीर्घ श्वासाच्या प्राणायामात नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन शोषला जातो, असे त्यांना आढळले नाही. हा निष्कर्ष त्यांनी लपवला नाही. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनच्या साठ्यात नसून इतरत्र, म्हणजे मज्जासंस्थेवर आणि पोट-छातीच्या दाबांवर होणाऱ्या परिणामांत शोधले पाहिजे, असे त्यांनी मांडले. मूळचे केरळचे आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकलेले कोवूर बेहनन त्यांच्याकडे राहून योग शिकले. १९३७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. स्वतःवर केलेल्या मोजमापांत बेहनन यांना प्राणायामात ऑक्सिजनचा वापर वाढलेला दिसला. गुरू आणि विद्यार्थी यांचे आकडे जुळले नाहीत. दोन्ही प्रसिद्ध झाले. विज्ञान असेच पुढे जाते.

महात्माजींचा रक्तदाब

प्रयोगशाळा आणि दवाखाना यांच्यात कुवलयानंदांनी भिंत ठेवली नाही. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडलेले महात्मा गांधी बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर विश्रांती घेत होते. त्या काळात त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालू होता. आसने कोणती करावीत, किती वेळ, त्रास झाला तर काय, असे तपशील गांधीजी कळवत आणि विचारत. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाला सल्ला द्यायचा आणि तोही रक्तदाबात! जबाबदारी मोठी होती.

रक्तदाब हा कुवलयानंदांच्या प्रयोगांचाही विषय होता. सर्वांगासन, शीर्षासन अशा उलट्या स्थितींत रक्तदाब किती बदलतो, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच मोजायला घेतले होते. म्हणूनच १९३१ मध्ये आलेल्या ‘आसने’ या त्यांच्या पुस्तकात कसे करावे याच्या बरोबरीने कोणी करू नये, हेही ठळकपणे येते. कान वाहतो, डोळे कमजोर आहेत, हृदय धड नाही, रक्तदाब जास्त आहे, अशांनी डोक्यावर उभे राहण्याचा हट्ट धरू नये. प्राणायामातही तेच. श्वास रोखून धरण्याचे मोठे प्रमाण गुरूच्या देखरेखीशिवाय त्यांनी सामान्य माणसाच्या हाती दिले नाही. आरोग्यासाठी श्वास जितका वेळ घ्यायचा, त्याच्या साधारण दुप्पट वेळ सोडायचा, एवढा सौम्य अभ्यास त्यांनी पुरेसा मानला.

पुढच्या वर्षांत काम फांद्या फुटाव्यात तसे वाढले. मुंबईत १९३२ मध्ये सांताक्रूझला शाखा निघाली. पुढे चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीत त्यांनी भाग घेतला, शाळांत योगासने यावीत म्हणून अभ्यासक्रम बनवले. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचे योगमहाविद्यालय सुरू झाले. रोज चालणाऱ्या वर्गांना लागणारे शिक्षक आता पदविका घेऊन तयार होऊ लागले. साठच्या दशकाच्या आरंभी योगोपचारांचे रुग्णालयही आले. दुसरीकडे संस्कृत हस्तलिखितांचे काम चालू होते. ‘गोरक्षशतक’ या छोट्या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९५८ मध्ये निघाली. ग्रंथ नेमके काय म्हणतो हे आधी नीट वाचायचे, मग ते शरीरावर तपासायचे, असा हा दुहेरी क्रम होता.

नाडी थांबली, हृदय नाही

१९५७ मध्ये अमेरिकेतून मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची हे संशोधक मेंदूच्या लहरी आणि हृदयाचे ठोके नोंदणारी यंत्रे घेऊन भारतात आले. लोणावळ्याच्या अभ्यासकांवरही त्यांनी मोजमापे केली. दिल्लीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद यांच्यासह त्यांनी हृदय थांबवू शकणाऱ्या योग्यांचा जो अभ्यास केला, तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मनगटावरची नाडी खरोखरच हाताला लागेनाशी होत होती. पण विद्युत आलेखावर हृदयाचे ठोके चालूच होते. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळल्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी मंद होत दिसेनाशी होते, असा उलगडा झाला. म्हणजे चमत्कार नव्हता, पण लबाडीही नव्हती. स्नायूंवरचा असामान्य ताबा होता आणि तो यंत्रात दिसत होता.

कुवलयानंदांनी चाळीस वर्षे जी भूमिका घेतली होती, तिच्याशी हे जुळणारे होते. १९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेले त्यांचे योगोपचारांवरचे पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यातर्फे प्रसिद्ध झाले. त्यात आसने, प्राणायाम, बंध-मुद्रा आणि क्रिया यांचा विचार स्नायू, मज्जातंतू आणि मन यांच्या भाषेत केलेला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेची सूत्रे शिष्य स्वामी दिगंबरजींकडे गेली. ‘हठप्रदीपिके’ची कैवल्यधामची आवृत्ती दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी सिद्ध केली, ती १९७० मध्ये आली.

तक्त्यावरच्या बोटांचे काय?

कुवलयानंदांचे प्रयोग पोट, छाती, गळा आणि श्वास यांच्याभोवती फिरले. बोटांच्या मुद्रांना त्यांनी प्रयोगशाळेत मध्यवर्ती जागा दिली नाही. पण त्यांची कसोटी बोटांनाही लावता येते. दावा नेमका कोणता? त्याने शरीरात काय बदलेल? तो बदल मोजता येईल का? मुद्रा न करता नुसते शांत बसलेल्या माणसात तो दिसत नाही ना? आणि हे कोणी करू नये?

या कसोटीवर काही गोष्टी सहज उतरतात. प्राणायामात तर्जनी आणि मधले बोट मुडपून अंगठा व अनामिका-करंगळीने आळीपाळीने नाकपुड्या मिटतात. या मुद्रेचे काम उघड आहे. हवेची वाट उघडणे आणि बंद करणे. ध्यानातल्या ज्ञानमुद्रेचेही साधे कारण सांगता येते. मेंदूच्या पृष्ठभागावर हात आणि बोटे यांच्यासाठी राखलेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी आहे; वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या शल्यविशारदाने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशांतून हे स्पष्ट झाले. बोटांच्या टोकांचा हलका स्पर्श ही म्हणूनच ठळक संवेदना असते आणि भटकणाऱ्या लक्षाला परत येण्यासाठी तिथे एक जागा मिळते. डुलकी लागली की टेकलेली बोटे सुटतात, हा आणखी एक फायदा. शिवाय त्या हातांना शतकानुशतकांचा अर्थ चिकटलेला आहे. तो मनाला शांत बसायची आठवण करून देतो.

पण करंगळी वाकवल्याने मूत्रपिंड सुधारते किंवा अनामिका जुळवल्याने साखर उतरते, हे दावे त्या कसोटीपुढे टिकत नाहीत. त्यांना भक्कम, मोठ्या चाचण्यांचा आधार नाही. ज्ञानमुद्रेत दहा मिनिटे शांत बसल्याने कोणाचे नुकसान होत नाही. तिच्या भरवशावर इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद केली तर मात्र होते. हठयोगातल्या खऱ्या अर्थाने जोरकस मुद्रांचे उलट आहे. उड्डियान, नौली, दीर्घ कुंभक यांनी आतले दाब खरोखर बदलतात, आणि म्हणूनच उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, पोटातले व्रण असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि पाळीच्या दिवसांत त्या टाळायच्या असतात. बाकीच्यांनीही त्या रिकाम्या पोटी आणि जाणत्या शिक्षकासमोरच शिकाव्यात. ज्या क्रियेत परिणाम करण्याची ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही असते, हे मोजमापानेच कळले.

‘योगमीमांसा’ आजही निघते. लोणावळ्यातल्या प्रयोगशाळेत पाऱ्याच्या दाबमापकांची जागा नव्या उपकरणांनी घेतली आहे. तिथे येणारा साधक पहाटे बोटे जुळवून ध्यानाला बसतो आणि नंतर त्याच्याच दंडाला रक्तदाब मोजण्याची पट्टी बांधली जाते. एकाच आवारात या दोन्ही गोष्टी व्हाव्यात, यासाठी अमळनेरच्या एका शिक्षकाने आपले आयुष्य वेचले.